रिकामा खण

१

रविवारची सकाळ भांडणासाठी राखून ठेवलेली असते, हे दोन्ही भावांच्या घरांत सगळ्यांना पाठ झालं होतं. भांडणाचा विषयसुद्धा बदलत नसे. थोरल्याकडे वडिलांच्या वेळचं एक रिव्हॉल्व्हर होतं. धाकट्यांनी निवृत्त झाल्यावर एक नवंकोरं घेतलं होतं. दोघं आपापली पेटी काखोटीला मारून नेमबाजीच्या रेंजवर जायचे, आळीपाळीनं दोन्ही चालवायचे आणि चांगलं कुठलं यावर घसा बसेपर्यंत वाद घालायचे.

थोरला घड्याळजी. सगळी गल्ली त्याला दादा म्हणायची. धाकटे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे म्हणून ते सर. दादाही त्यांना सरच म्हणे, पण अशा सुरात की त्यापेक्षा शिवी परवडली.

"हे बघ सर," जुन्याची मूठ तळहातावर तोलत दादा सुरू करायचा, "ह्याचा चाप कुणीतरी हातानं घासून घासून बसवलाय. दाबताना कळतसुद्धा नाही कधी सुटला. आणि तुझ्या नव्याचा? पावसाळ्यात फुगलेलं दार. आधी खांदा लावा, मग हिसका द्या."

"फुगलेलं दार म्हण, पण माझ्या कागदावरची भोकं बघ. एका रुपयाखाली झाकतील. तुझी सगळ्या गावभर."

"भोकं कागदाला पडतात रे. हाताला काय कळलं ते सांग. तुझं ते रबरी मुठीचं यंत्र धक्कासुद्धा देत नाही. दुसऱ्यानं चावून दिलेला घास गिळल्यासारखं वाटतं."

"आणि तुझं म्हातारं हातातून पडलं तर आपणहून उडेल, त्याचं काय?"

ते खरंच होतं. जुन्या बनावटीत घोड्याचं टोक थेट काडतुसावर टेकलेलं असतं, जरा ठोकर लागली की बार. म्हणून जुनी माणसं चक्रीच्या सहा खणांपैकी पाचच भरतात आणि घोड्याखालचा खण रिकामा सोडतात. नव्यात घोडा आणि काडतुसाच्या मधे एक पोलादी पट्टी असते, त्यामुळे सहाच्या सहा भरले तरी चालतं. सर आपल्या नव्यात सहा भरायचे. दादा मात्र नवं हातात घेतलं तरी पाचच भरायचा. हाताला लागलेलं वळण, दुसरं काय.

आणि त्या रिकाम्या खणाचं दादाला वेड होतं. पाच बार झाले की तो एका कानावरचा इअरमफ मागे सरकवायचा, रिव्हॉल्व्हरची नळी कानाशी धरायचा आणि चाप ओढून रिकाम्या खणावरची ती टक ऐकायचा. हयातभर घड्याळं कानाला लावलेली. यंत्र कसं आहे ते आतल्या आवाजावरून कळतं, असं तो म्हणे. जुन्याची टक ऐकली की "वा!" आणि नव्याची ऐकली की "शी, प्लास्टिकची बादली!"

रेंज सांभाळणाऱ्या गृहस्थांना दोघं मेजर म्हणत. मेजर कुठल्याही सैन्यात नव्हते. त्यांच्या मिशा तेवढ्या होत्या. ते दर रविवारी ओरडायचे, "दादासाहेब, हे नियमात बसत नाही. तुम्हाला हाकलून देईन एक दिवस."

"हाकला. पण आधी ऐका तरी ही टक कशी बोलते."

२

मग दादा विसरायला लागला.

सुरुवातीला भाजीची पिशवी, छत्री, असलं काहीतरी. ह्या वयात सगळेच विसरतात म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. एक दिवस त्याने गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडलं, सगळे भाग सुटे केले आणि ते परत जोडायचे कसे तेच त्याला आठवेना. संध्याकाळपर्यंत तो त्या चाकांसमोर बसून राहिला. डॉक्टरांनी दादाच्या समोरच सांगितलं, कारण तसा त्याचाच हट्ट होता. हे वाढत जाणार. आधी नावं जातील, मग चेहरे.

घरी येताना दादा हसत होता. "चला, म्हणजे तू आजवर मारलेले मुद्दे मी विसरणार. बरंच झालं. पुन्हा पहिल्यापासून हरवीन तुला."

वहिनी रिक्षात दोघांच्या मधे बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

रेंजवर जाणं सुरूच राहिलं. हातांना अजून सगळं येत होतं. त्या रविवारी दादाने नवं मागून घेतलं आणि आपल्या हाताने भरलं. सर बाहेरच्या खोलीत मेजरांशी बोलत उभे होते. आतून पाच बार ऐकू आले. मग थोडी शांतता. सरांच्या चेहऱ्यावर हसू आलं. आता बादलीचा उद्धार होणार.

सहावा बार झाला.

नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहा रिकाम्या पुंगळ्या निघाल्या. पोलिसांनी अपघात म्हणून लिहिलं, सगळ्यांनी मान हलवली. म्हातारा माणूस, त्यात आठवणीचा आजार, वर परकं हत्यार. सरांनीही मान हलवली होती. भेटायला येणारी माणसं आटल्यावर एका दुपारी वहिनींनी त्यांना समोर बसवलं.

"भाऊजी, एक विचारते. मन राखायला बोलू नका."

"विचारा ना."

"ह्यांनी सहावी चुकून घातली की मुद्दाम?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वहिनी, एका कानावरचा इअरमफ मागे सरकवलेला होता. म्हणजे टक ऐकायला येईल अशीच त्याची अपेक्षा होती."

"तसं वाटावं म्हणूनही सरकवतील. तुम्ही कसा विचार करता ते ह्यांना काय ठाऊक नव्हतं?"

तर्क बिनतोड होता.

"चुकून असेल तर आजारानं नेलं. मुद्दाम असेल तर मला सोडून गेले," वहिनी म्हणाल्या. "एकटी काय, दोन्हीकडून एकटीच. पण त्या एकटेपणात फरक असतो हो. तुम्ही एवढं शिकलात. मला शोधून द्या."

"देतो," सर म्हणाले, आणि जिना उतरताना त्यांना वाटलं, आपण हे कशाच्या जोरावर म्हणालो?

३

पोलिसांकडून नवं रिव्हॉल्व्हर परत मिळालं. वहिनींनी जुन्याची पेटीही सरांच्या हवाली केली. सरांनी रीतसर परवानगी काढली. त्यांची युक्ती साधी होती. मनाला पत्ता न लागता हात सहावं काडतूस भरू शकतो, एवढं स्वतःच्या हातांवर सिद्ध झालं तरी पुरे. मग वहिनींपुढे छाती ठोकून सांगता आलं असतं.

मेजर त्यांना बघून उठून उभे राहिले. "सर, तुम्ही पुन्हा याल असं वाटलं नव्हतं."

"मलाही वाटलं नव्हतं."

रेंज होती तशीच होती. जमिनीखालची लांबट खोली, फळ्यांनी वेगळे केलेले कप्पे, कागद तारेवरून पुढे-मागे न्यायची चरखी. दादाच्या कप्प्यात नेम धरायच्या जागी फरशी नव्याने बसवली होती, आणि ती बाकीच्या फरशीपेक्षा स्वच्छ दिसत होती. सर त्या फरशीवर उभे राहिले नाहीत. बाजूच्या कप्प्यात गेले.

आधी जुनं. दादाच्या पद्धतीने पाच भरली, रिकामा खण घोड्याखाली आणला. चाप खरोखरच कधी सुटला ते कळलं नाही. दादा जिवंत असताना सरांनी हे कधी कबूल केलं नव्हतं. हाताला बसणारा धक्कासुद्धा असा, की कुणी ओळखीच्या माणसाने खांद्यावर थाप मारावी. पाच बार, मग कागदाकडेच नेम ठेवून सहाव्यांदा चाप. टक. काय टक होती ती! लहानशा डबीचं झाकण बसावं तशी.

"वा," सर पुटपुटले.

मग नवं. पाच भरली. पाच बार. सहाव्यांदा चाप ओढला आणि बार उडाला.

सरांच्या हातातून ते पडलंच असतं. त्यांनी ते फळीवर ठेवलं, भिंतीला टेकले, श्वास घेतला. चक्री उघडली तर सहा पुंगळ्या. आणि मग त्या घाबरलेल्या माणसाला चक्क आनंद झाला. म्हणजे हात घालतो! मन पाच म्हणतं आणि हात सहा घालतो!

हा आनंद पायऱ्या चढेपर्यंत टिकला. वरच्या पायरीवर त्यांना आठवलं की आपल्या हाताला नव्यात सहाचीच सवय आहे. दादाच्या हाताला पाचची होती. ह्यातून सिद्ध काय झालं? शून्य. परीक्षेत एखाद्या पोराने असा निष्कर्ष काढला असता तर त्यांनी लाल रेघ मारली असती.

४

पुढच्या रविवारी त्यांनी फक्त जुनं नेलं. जुन्यात सहा काडतुसं दोघांपैकी कुणीच, कधीच भरली नव्हती. इथे हाताला चुकायला जागाच नाही.

एकेक काडतूस बोटांत धरून त्यांनी मोठ्याने मोजलं. रिकाम्या खोलीत आपलाच आवाज त्यांना अनोळखी वाटला. कुणीतरी आपल्याला उजळणी म्हणून दाखवतंय असा. पाचव्यानंतर चक्री बंद करण्याआधी करंगळीचं टोक रिकाम्या खणात घालून पाहिलं. गार, पोकळ. काहीही नाही.

पाच बार झाले. मग एक गोष्ट घडली, जी त्यांनी नंतर स्वतःशी पुष्कळ वेळा तपासून पाहिली. पाचव्या बारानंतर रेंजवर एक विशिष्ट शांतता पसरते. कानात घुमणारा आवाज ओसरत जातो आणि दिव्यांची बारीक गुणगुण ऐकू यायला लागते. त्या शांततेत बाजूच्या कप्प्यात कुणीतरी इअरमफ मागे सरकवला. रबर केसांवरून घासत जातं तेव्हा होतो तो आवाज.

सरांनी फळीच्या कडेवरून डोकावून पाहिलं. नवी फरशी. बाकी कुणी नाही.

सहाव्यांदा चाप ओढला, बार उडाला.

ह्या वेळी आनंद झाला नाही. चक्रीतल्या सहा पुंगळ्या त्यांनी तळहातावर काढल्या. पाच झळझळीत होत्या. सहावी काळवंडलेली होती, फार दिवस कुणीतरी हातात धरून ठेवल्यासारखी.

आपल्यालाच तो आजार लागलाय, त्यांनी स्वतःला सांगितलं. रक्ताचं नातं आहे, लागायचाच. आणि विचार करता करता त्यांच्या लक्षात आलं की तसं असलं तर बरंच होईल. मोजलेलं, करंगळीने चाचपलेलंसुद्धा माणूस विसरू शकतो, असं वहिनींना सांगता येईल. स्वतःला लागलेला रोग पुरावा म्हणून कुणी मागितला असेल का आजवर? पण ते मागत होते. मनापासून मागत होते.

५

"मेजर, माझ्याबरोबर आत येता? मी भरतो, तुम्ही फक्त माझ्या हातांकडे बघा."

"काय चाललंय तुमचं, सर?" मेजरांनी विचारलं खरं, पण आले. मिशा चावत शेजारी उभे राहिले. सरांनी जुन्यात एकेक काडतूस घातलं.

"किती झाली?"

"पाच."

"रिकामा खण बघा. आरपार उजेड दिसतोय ना?"

"दिसतोय की. मला काय मोजता येत नाही?"

"येतं हो. मला येतं की नाही, ते बघतोय."

मेजर हसले नाहीत. सरांनी नेम धरला. पाच झाल्यावर त्यांनी हात खाली घेतला नाही, मान वळवली नाही, फक्त ओठ हलवून म्हणाले, "काही ऐकू येतंय?"

"कानांवर ही झाकणं असताना काय ऐकू येणार!"

सरांनी चाप ओढला. बार झाला. कागद थरथरला.

मेजरांनी स्वतःच्या हाताने चक्री उघडली. मग त्यांनी रिव्हॉल्व्हर फळीवर ठेवलं आणि ठेवलेला हात पँटला पुसला.

"सर, तुम्ही पाचच घातली होती. माझ्या आईची शपथ."

"तुमची नजर चुकली असेल. बोलत होता ना मधे."

"नाही चुकली."

"जरा आठवून बघा." सरांचा आवाज चिरका झाला. "एखादं काडतूस मी बोटांआड... अहो, एवढं तरी म्हणा की चुकली असेल!"

मेजरांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "चला बाहेर," ते म्हणाले. "चहा घेऊ. आणि हे घरी घेऊन जा, नाहीतर विकून टाका. माझ्या रेंजवर आता हे नको."

"एकदाच," सर म्हणाले. "त्या दिवशी आपण बाहेर होतो तसं. भरून ठेवतो आणि तुमच्याबरोबर बाहेर उभा राहतो. मग नाही येणार."

६

भरलेलं हत्यार आत सोडून बाहेर यायचं, म्हणजे मेजरांच्या सगळ्या नियमांवर पाणी. त्यांनी रेंजचा बाहेरचा दरवाजा लावून घेतला, लाल दिवा लावला आणि खुर्चीत पाठ करून बसले. "मी काही बघत नाही. तुम्ही बघा."

मधल्या दाराला एक जाड काच होती. तिच्यात तारेची जाळी घातलेली, त्यामुळे आतलं सगळं लहान लहान चौकोनांत दिसायचं. सर त्या काचेशी उभे राहिले. जुनं रिव्हॉल्व्हर त्यांनी नव्या फरशीसमोरच्या फळीवर ठेवलं होतं. शेजारी काडतुसांची डबी.

बराच वेळ नुसती फळी. काचेवर स्वतःच्या श्वासाचं धुकं जमलं, ते त्यांनी बाहीने पुसलं.

पुसल्यावर एका चौकोनात हात होता.

बोटांच्या टोकांना घड्याळाच्या तेलाने आलेला पिवळेपणा. पुढच्या चौकोनात वाकलेला खांदा, दुकानात टेबलावर वाकायचा तसा. त्या हाताने चक्री उघडली, अंगठ्याने पाची काडतुसं चाचपली, बंद केली. ठीक. झालं. हात मागे गेला. आणि मग, जणू आत्ताच आल्यासारखा, परत पुढे आला. डबीतून एक काडतूस उचललं. उलटसुलट करून पाहिलं. नाकाशी नेलं. हे काय आहे, असं बोटं विचारत होती. खाली ठेवलं, परत उचललं, कुठे ठेवायचं म्हणून फळीवर इकडेतिकडे फिरवलं. शेवटी चक्री उघडली गेली, तिथे एक जागा रिकामी होती, आणि हाताने ते तिथे ठेवून दिलं. हातातली वस्तू जिथे मावली तिथे ठेवावी तसं. त्यात ना घाई होती ना निश्चय.

"दादा," सर म्हणाले. आवाज काचेपलीकडे जाण्याइतका नव्हता.

पण वरच्या चौकोनात अर्धा चेहरा वळला. एक डोळा, अर्धं तोंड. ज्या माणसाने त्यांना सायकल शिकवली, ज्याने आयुष्यभर त्यांचा एकही मुद्दा मान्य केला नाही, तो त्यांच्याकडे बघत होता. आणि तो हसला. मागल्या खेपेला येऊन गेलेल्या गिऱ्हाइकाकडे बघून आपण हसतो तसं, नम्र, जरा ओशाळं. ओठ हलले. काय म्हणतोय ते कळायला ऐकू येण्याची गरज नव्हती. हा प्रश्न दादा दुकानाच्या काउंटरमागून परक्या माणसांना विचारायचा.

काय काम होतं आपलं?

सर काचेपासून मागे सरकले. सहाव्या बारापर्यंत ते थांबले नाहीत. तो झाला की नाही, ते त्यांना कधीच सांगता आलं नाही. मेजर नंतर म्हणाले, आत कुणी नव्हतं, मी जाऊन बघितलं. पण त्यांनी काय बघितलं, हे सरांनी विचारलं नाही.

७

पेटी रेंजवरच टाकून सर थेट वहिनींकडे गेले. ऊन चढलं होतं. वहिनी कपबशा पुसून फडताळात लावत होत्या. सरांचा चेहरा बघून त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

"वहिनी," सर उभ्या उभ्याच म्हणाले, "चुकून. त्याला काहीच आठवत नव्हतं. ते काय आहे हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं."

"नक्की?"

"नक्की." आयुष्यात हा शब्द त्यांनी पुढे 'बहुधा' जोडल्याशिवाय उच्चारला नव्हता.

वहिनी खुर्चीवर बसल्या. पदराने तोंड झाकून त्या रडल्या, आणि इतक्या महिन्यांत सरांनी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. काय करावं न कळून त्यांनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. काचेतलं काहीही सांगायचं नाही, हे त्यांनी वाटेतच ठरवलं होतं. त्या चेहऱ्याचं ओझं एकट्याने वाहण्याजोगं होतं.

रडणं ओसरल्यावर वहिनींनी डोळे पुसले आणि अगदी सहज विचारलं,

"तुम्हाला ओळखलं का ह्यांनी?"

सरांनी फक्त मान हलवली. नाही.

"मलाही नाही ओळखत," वहिनी म्हणाल्या. "येतात आणि तिथे, मधल्या दाराशी उभे राहतात. मी हाक मारली की कुणाला बोलावलं म्हणून मागे वळून बघतात. मी आपली समजायचे, मुद्दाम गेले, आता तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून ओळख देत नाहीत. रागाने दिवसचे दिवस मीही बोलले नाही हो." त्या पेल्यातलं पाणी घोटभर प्यायल्या. "एवढंच कळायचं होतं. रुसलेत की खरंच विसरलेत."

सरांची मधल्या दाराकडे पाठ होती, आणि ती त्यांनी वळवली नाही. आपल्याला भास होताहेत, दोघांना एकच दुःख आहे म्हणून एकच भास होतोय, असं एक वाक्य त्यांनी मनात जुळवायला घेतलं. वाक्य चांगलं होतं. ते अर्ध्यावर आलं असताना मागे कुणीतरी हलकेच खाकरलं. नवख्या घरात आलेला माणूस, आपण आलोय हे कळावं म्हणून दाराबाहेरून खाकरतो तसं.

वहिनी उठल्या. त्यांनी केस सारखे केले, आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या आवाजात, तोंडभर हसून म्हणाल्या,

"या ना. असे बाहेर का उभे? बसा. घर आपलंच समजा."